ज्याला गद्दार ठरवलं, त्याचं कोणी ऐकून घ्यायचं?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २८ वर्षांची आहे. पूर्व विदर्भात कंत्राटी सफाई कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका संघटनेची ती पूर्णवेळ कार्यकर्ती. घरात चळवळ जुनी. वडील तरुणपणी दलित पँथरच्या सभांना सायकलने जायचे. गेल्या वर्षी संघटनेच्या शिबिरात तिने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावर सत्र घेतलं आणि तेव्हापासून एरिका हगिन्स या कार्यकर्तीने तिला झपाटून टाकलं आहे. मध्यंतरी संघटनेत एक प्रकार घडला. ठेकेदाराला बातम्या पुरवतो या संशयावरून एका तरुण सहकाऱ्याला बैठकीत काढून टाकण्यात आलं. त्याला बैठकीला बोलावलंच नव्हतं. ‘हा ठेकेदाराचा माणूस आहे, याच्याशी कोणी संबंध ठेवू नये’ असा निरोप सगळ्या तालुक्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. तो टाइप करायला संघटनेच्या नेत्यांनी, म्हणजे दादांनी, पत्रलेखिकेलाच सांगितलं आणि तिने तो केला. आता तिला झोप लागत नाही. त्या मुलाची आई त्याच वस्तीत राहते, समोर आली की नुसती बघते. दरम्यान एका निवासी शाळेत कंत्राटी शिक्षिकेची नोकरी चालून आली आहे. तिचे प्रश्न असे: संघटना सोडणं पळपुटेपणा ठरेल का? झाल्या प्रकाराबद्दल बोलले तर विरोधकांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल का? आणि, “एरिकाने नवरा गमावला, तुरुंग भोगला, तरी ती खचली नाही. तिच्यापुढे माझं रडगाणं काय? या कामात माणसाला थकायची मुभा असते का?”

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्याच्यावरच उभे आहेत. एरिका खचली नाही, हे तुला कोणी सांगितलं? पोस्टरने सांगितलं असणार. पोस्टरवरची माणसं कधी खचत नाहीत.

तिची हकीकत तुला पाठ आहे, पण सगळ्या वाचकांना नसेल म्हणून थोडी सांगते. एरिकाचा जन्म १९४८चा, वॉशिंग्टनचा. ऑगस्ट १९६३मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं, त्या मोर्चाला ही पंधरा वर्षांची पोर आईचं न ऐकता गेली होती. पुढे कॉलेजात जॉन हगिन्स भेटला. दोघं शिक्षण अर्धवट टाकून लॉस एंजेलिसला गेले आणि ब्लॅक पँथर पक्षात दाखल झाले. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला काढलेला हा पक्ष तेव्हा नवाच होता. १७ जानेवारी १९६९ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या आवारात एका प्रतिस्पर्धी कृष्णवर्णीय संघटनेच्या लोकांनी जॉनला आणि त्याचा सहकारी बंची कार्टर याला गोळ्या घातल्या. एरिकाची मुलगी तेव्हा तीन आठवड्यांची होती. जॉनच्या अंत्यविधीसाठी ती त्याच्या गावी, न्यू हेवनला गेली, तिथेच राहिली, तिथे पक्षाची शाखा उभी केली आणि मे महिन्यात खुनाच्या कटात सामील असल्याच्या आरोपाखाली तिला अटक झाली. वय २१. नवरा जाऊन चार महिने झालेले, तान्ही मुलगी आजी-आजोबांकडे.

पुढची दोन वर्षं ती तुरुंगात होती, त्यातला काही काळ इतर कैद्यांपासून वेगळी. मुलीची भेट आठवड्यातून एकदा, तासभर. त्या तासाबद्दल ती मुलाखतींतून बोलली आहे. मुलगी येणार तेव्हा तिच्यासमोर धड बसता आलं पाहिजे आणि ती गेल्यावर पुन्हा पुढचा आठवडा काढता आला पाहिजे. तिचे वकील चार्ल्स गॅरी योगासनं करणारे होते. त्यांच्यामुळे योगाचं पुस्तक हाती आलं आणि त्यावरून ती आपली आपणच आसनं आणि ध्यान शिकली. न खचलेल्या बाईला याची गरज पडली असती का, तूच सांग. ती मोडकळीला आली होती आणि ते तिला कळत होतं, म्हणून तर तिने हाताला लागेल तो आधार धरला.

त्याच तुरुंगात तिने आणि तिच्यासोबतच्या बायकांनी आणखी एक गोष्ट केली. नशेची सवय सुटताना ज्यांच्या अंगाची लाही लाही होत असे, अशा नव्या कैदी बायका यायच्या. या बायका त्यांचे केस विंचरायच्या, वेण्या घालायच्या, शेजारी बसून राहायच्या. पत्रकात छापता येईल असं त्यात काही नाही. पण आज आयुष्यभराचं काम मागे टाकून म्हातारपणात बोलणारी एरिका संघर्षाबद्दल बोलते तेव्हा आधी अशाच गोष्टींकडे येते: माणसाने माणसाची काळजी घेणं आणि स्वतःचीही घेणं. ध्यान आणि क्रांती यांची तिने कधी फारकत केली नाही. (सत्तरच्या दशकात ती गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या सिद्धयोग परंपरेशी जोडली गेली. होय, आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं वज्रेश्वरीजवळचं गणेशपुरी. मला बुवाबाबांचं वावडं आहे आणि या पंथाबद्दल पुढे बरंच वाईटही बाहेर आलं, त्यामुळे तिच्या आयुष्याच्या या भागापाशी मी अडखळते. तूही अडखळलीस तर हरकत नाही. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही.)

तेव्हा मुभेचा प्रश्न मला तरी पडत नाही. थकलीयस हे खरं आहे. झोप उडणं, जेवण न जाणं, फोन वाजला की छातीत धस्स होणं, हे तू लिहिलंयस. सात वर्षं तुटपुंज्या मानधनावर, सुट्टी कशी ती माहीत नाही, आजारी पडलं तरी ‘मोर्चा झाल्यावर बघू’. यातून कोणीही थकेल. कोणाचं दुःख मोठं याची स्पर्धा लावून तू स्वतःला गप्प बसवते आहेस आणि ज्या बाईच्या नावाने बसवते आहेस, तिने स्वतःला तसं गप्प बसवलेलं नाही.

आता तिच्या गोष्टीतला दुसरा भाग. शिबिरांतल्या सत्रांतून तो बहुतेक वेळा गाळला जातो. तुझ्या पत्रातही तो नाही, पण मला वाटतं तू तो वाचलेला आहेस, आणि झोप न लागण्याचं एक कारण तेच असावं.

एरिकाला अटक झाली ती अॅलेक्स रॅकली याच्या खुनाच्या खटल्यात. रॅकली हा पक्षाचाच तरुण कार्यकर्ता. न्यूयॉर्कहून आलेला. मे १९६९मध्ये तो पोलिसांचा खबऱ्या आहे असा संशय घेऊन न्यू हेवनमधल्या एका घरात त्याला बांधून ठेवलं, त्याचे हाल केले, अंगावर उकळतं पाणी ओतलं, आणि नंतर बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. या सगळ्यात पुढाकार जॉर्ज सॅम्स नावाच्या माणसाचा होता. तो बाहेरून आला होता आणि वरिष्ठांचा माणूस असल्याचं सांगत होता. तोच पोलिसांचा हस्तक होता का, यावर अजून वाद आहे. रॅकली खबऱ्या होता याचा पुरावा मात्र कधीच पुढे आला नाही. त्या चौकशीची ध्वनिफीत केली गेली होती. एरिका त्या घरात होती, फितीवर तिचा आवाज आहे, आणि खटल्यात ती फीत वाजवली गेली. मे १९७१मध्ये ज्यूरीचं एकमत होऊ शकलं नाही आणि न्यायाधीशांनी एरिका आणि बॉबी सील या दोघांवरचे आरोप काढून टाकले.

एका बाजूने पाहिलं तर तो सरकारने चळवळ मोडायला चालवलेला खटला होता, आणि देशभर लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते योग्यच होतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एक मुलगा जिवानिशी गेला, आणि ज्यांच्यावर त्याने विश्वास ठेवला होता त्यांच्याच घरात त्याचे हाल झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्याकडे चळवळीतल्या माणसाला पहिली तेवढी सांगायला आवडते आणि चळवळीच्या शत्रूला दुसरी. तुझ्या बैठकीची आणि न्यू हेवनच्या घराची मी बरोबरी करत नाही. तिथे खून झाला, तुमच्याकडे एक निरोप टाइप झाला. पण दोन्हीकडे सुरुवात सारखी आहे: वरून कोणीतरी सांगितलं, विचारायची सोय नव्हती, आणि ज्याच्यावर आरोप त्याचं कोणी ऐकलं नाही.

‘संशय अगदीच हवेतला नव्हता’ असं तू दादांच्या बाजूने लिहिलं आहेस. मान्य. ब्लॅक पँथरमध्येही खबरे खरोखरच होते. शिकागोमध्ये फ्रेड हॅम्प्टन हा २१ वर्षांचा नेता ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात मारला गेला. त्याच्या घराचा नकाशा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला पुरवला होता विल्यम ओनील या त्याच्याच सहकाऱ्याने, ज्याच्याकडे सुरक्षेची जबाबदारी होती. म्हणजे भीती खोटी नव्हती. पण एफबीआयचा दुसरा डाव तितकाच जुना आणि कितीतरी स्वस्त होता. जो खबऱ्या नाही त्याच्याबद्दल तो खबऱ्या असल्याची कुजबुज पसरवायची, बनावट पत्रं पाठवायची, व्यंगचित्रं काढून दोन संघटना एकमेकींवर सोडायच्या. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध ही मोहीम १९६७पासून गुपचूप चालू होती. मार्च १९७१मध्ये काही सामान्य नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावातलं एफबीआयचं कार्यालय फोडून कागद पळवले आणि वर्तमानपत्रांकडे पाठवले, तेव्हा ती पहिल्यांदा उघड झाली. पुढे १९७५-७६मध्ये सिनेटच्या समितीने तिचा अहवालच मांडला. स्टोकली कार्मायकलसारख्या देशभर नाव असलेल्या नेत्यावरही गुप्तहेर असल्याचा खोटा शिक्का मारायचं ठरलं होतं. जॉन हगिन्सचा जीव ज्या वैरातून गेला, त्यात तेल ओतणारेही हेच.

यातून मी काय घेते? ज्या संघटनेत आरोप तपासायची रीत नाही, तिथे खरा खबऱ्या सुरक्षित राहतो आणि खोट्या आरोपाने चांगला माणूस जातो. हॅम्प्टन मारला जाईपर्यंत ओनील सापडला नाही. रॅकली मेला. तेव्हा ‘आता आणीबाणीची वेळ आहे, न्यायबिय नंतर बघू’ हा दादांचा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या तर लंगडा आहेच, पण साधी कामाची गोष्ट म्हणूनही चुकीचा आहे. ठेकेदाराला तुमची संघटना फोडायची असेल तर त्याला आता बातमीदार लागणार नाही. एक अफवा सोडली की पुरे. बाकीचं तुमचा ग्रुप करेल.

आणि क्षणभर असं धरून चाल की त्या मुलाने खरंच काही सांगितलं असेल. का सांगितलं असेल? तो स्वतः कंत्राटी कामगार आहे. त्याची हजेरी मुकादमाच्या हातात, पगार ठेकेदाराच्या. घरी आई. ‘सांग नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ असं कोणी म्हटलं असेल तर तो प्रश्न संघटनेचा आहे, त्या एकट्याचा नाही. विचारलं असतं तर कदाचित हेच बाहेर आलं असतं, आणि ठेकेदाराविरुद्ध तुमच्या हाती एक तक्रार लागली असती.

आता कोलीत. हा शब्द मी इतक्या चळवळींतल्या इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय की त्याचा मला कंटाळा आलाय. नवऱ्याने मारलं तर बोलू नको, समाजाची बदनामी होते. नेत्याने हिशेब दिला नाही तर बोलू नको, विरोधक टपलेत. आपली दलित पँथर १९७२ साली मुंबईत निघाली, नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. तुझ्या वडिलांना आठवत असेल, दोन वर्षांत, १९७४मध्ये, नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात फूट पडली. ती फूट कोणी बायकांनी आतलं बाहेर सांगितल्यामुळे पडली नव्हती. ओकलंडलाही तेच. १९७४ ते १९७७ पक्षाची सूत्रं एलेन ब्राऊन या बाईकडे होती. तिने पुढे लिहिलंय की पक्षाच्या शाळेत काम करणाऱ्या एका कार्यकर्तीला पक्षातल्याच पुरुषांनी बेदम मारलं, न्यूटनची त्याला संमती होती, आणि म्हणून आपण पक्ष सोडला. अशा गोष्टी आतल्या आत ठेवून पक्ष वाचला का? १९८२पर्यंत तो संपला.

ज्या शाळेचं नाव वर आलं, तिच्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझी दुसरी अडचण नोकरीची आहे, आणि तीही शाळेतली.

ओकलंड कम्युनिटी स्कूल १९७३मध्ये सुरू झाली आणि एरिका तिची संचालक होती, १९८१पर्यंत. पूर्व ओकलंडमधल्या गरीब घरांतली मुलं, जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास. दिवसातून तीन वेळचं जेवण शाळेतच. इयत्तांऐवजी मुलं ज्या पातळीवर असतील तसे गट. जेवणानंतर मुलं आणि शिक्षक मिळून काही मिनिटं डोळे मिटून शांत बसायचे. तुरुंगात शिकलेली गोष्ट एरिकाने इथे आणली. गरोदर बायका पोटातल्या बाळाचं नाव प्रतीक्षायादीत घालायच्या, असं ती सांगते. १९७७मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने शाळेचा गौरव केला. मला त्या शाळेतलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर मुलांचं न्यायमंडळ. कोणी मारामारी केली, कोणी काही मोडलं, तर प्रकरण मुलांच्याच मंडळापुढे जायचं. ज्याने केलं त्यालाही बोलायची संधी, ज्याला लागलं त्यालाही. छडी नाही, शाळेतून हाकलणं नाही. झालेलं भरून कसं काढायचं ते ठरवायचं. आठ-दहा वर्षांची पोरं हे करत होती! आणि त्याच पक्षाच्या मोठ्या माणसांना ते जमलं नाही.

तेव्हा शाळेत जाणं म्हणजे लढा सोडणं, हे समीकरण तू कुठून आणलंस मला कळत नाही. ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्याला काळी जाकिटं आणि बंदुका दिसतात. पण जानेवारी १९६९मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये मुलांना सकाळची न्याहारी देणं सुरू झालं, आणि बघता बघता ते अनेक शहरांत पोचलं, तेव्हा एफबीआय हादरली. पहाटे उठून अंडी परतणं, दूध गरम करणं, पोरांना शाळेत धाडणं. सत्तरचं दशक सुरू होईपर्यंत पक्षात निम्म्याहून जास्त बायका होत्या, आणि हे काम मुख्यतः त्यांनीच ओढलं. सभेच्या फोटोत त्या नाहीत. तू ज्याला ‘मागचं काम’ म्हणतेस, त्याच्यावर पुढचं सगळं उभं होतं.

पण एक गोष्ट बजावते. निवासी शाळेतली कंत्राटी नोकरी म्हणजे ओकलंडची शाळा नव्हे. तिथेही मुख्याध्यापक असतील, रात्रीची ड्युटी असेल, पगार तीन-तीन महिने रखडेल. तू तिथे क्रांती शोधायला जाणार असशील तर जाऊ नको. पोट भरायला, झोपायला, मुलांसोबत राहायला आणि डोकं ताळ्यावर आणायला जाणार असशील तर जरूर जा. तेवढं कारण पुरेसं आहे.

माझा आग्रह एवढाच की तो निरोप तसाच मागे ठेवून जाऊ नकोस. संघटना सोडलीस तरी तो तुझ्यासोबत येईल.

आधी कागद-पेन घे आणि तुला त्या बैठकीतलं जे आठवतं ते तारीख घालून लिहून काढ. कोण होतं, कोण काय म्हणालं, तुला निरोप कोणी सांगितला, कोणत्या शब्दांत. आत्ताच लिही, दोन महिन्यांनी तुझ्याच आठवणीत बदल होतील. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, निदान इतक्यात नाही. 

मग त्या मुलाला भेट. फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. माफी मागायचं मोठं ओझं घेऊन जाऊ नको, आणि संघटनेच्या वतीने काही कबूलही करू नको. एवढंच सांग की तो निरोप मी टाइप केला, त्याआधी तुला कोणी विचारलं नाही हे मला माहीत होतं, आणि ते चुकीचं होतं. मग गप्प बसून त्याचं ऐक. त्याला काय हवंय ते तो सांगेल. कदाचित त्याला परत यायचं नसेल, नुसतं नाव साफ करून हवं असेल. कदाचित त्याला वकिलाकडे जायचं असेल, तो त्याचा हक्क आहे. कदाचित तो तुझ्या तोंडावर दार लावेल. तेही त्याने करावं. त्याच्या वतीने त्याला न विचारता लढायला उतरू नकोस. तेही एक प्रकारे त्याला न विचारता निर्णय घेणंच आहे.

त्यानंतर बैठक. दादांशी एकट्याने बोलणं टाळ, ते तुला पाच मिनिटांत गुंडाळतील, असं तुझ्याच पत्रावरून दिसतं. बैठकीतल्या ज्या दोघी तुला नंतर ‘बरं नाही झालं’ म्हणाल्या, त्यांना आधी विश्वासात घे. विषय लेखी दे, दोन ओळींत: ‘अमुक तारखेचा निर्णय संबंधित सहकाऱ्याला न ऐकता झाला. त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं आणि तोवर ग्रुपवरचा निरोप मागे घ्यावा.’ तो निर्दोष आहे असं तुला सिद्ध करायचं नाही, ते तुझ्या हातात नाही आणि तुला माहीतही नाही. फक्त रीत माग. आरोप काय ते त्याला कळावं, त्याला बोलता यावं, आणि ज्याने आरोप केला त्यानेच निकाल देऊ नये. कामगारांच्या वतीने तुम्ही ठेकेदाराकडे नेमकं हेच मागता ना? कामावरून काढण्याआधी नोटीस द्या, चौकशी करा. ती मागणी तुमच्याच फलकांवर लिहिलेली असते.

दादा चिडतील. तुलाही कोणी ठेकेदाराची माणूस म्हणेल, याची तयारी ठेव. पण मी पाहिलंय, अशा बैठकीत एकीने लेखी विषय दिला की आणखी दोन-तीन माना हळूच वर येतात. नाहीच आल्या तर मग तुझा निर्णय सोपा होतो. जिथे हे विचारताच येत नाही तिथून निघणं याला पळणं म्हणत नाहीत.

अशीच पत्रं इतरही कार्यकर्त्या-कार्यकर्त्यांची येतात, म्हणून हेही सांगते. प्रकार लैंगिक त्रासाचा असेल तर वरची वाट पुरेशी नाही. २०१३चा कायदा सामाजिक संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि नसेल किंवा माणसं कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते. ‘आपण घरातली माणसं’ हे उत्तर तिथे चालत नाही. मारहाण झाली असेल तर पोलिसांत जाणं ही गद्दारी नाही, मग मारणारा कितीही मोठा कवी, वक्ता, नेता असो.

आणि बाहेर बोलायचं का, फेसबुकवर लिहायचं का? आज तरी नको. कोलिताच्या भीतीने म्हणत नाही. त्या मुलाला काय हवंय ते अजून कोणी विचारलेलं नाही, आणि त्याची पुन्हा एकदा जाहीर चर्चा व्हावी की नाही हे त्याने ठरवायचं आहे.

आता तुझ्या झोपेचं. योग कर, ध्यान कर असं मी सांगणार नाही. तुला पटलं तर कर. पण तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरला दाखव, आणि मध्यरात्री छातीत धडधड सुरू झाली की १४४१६ हा नंबर लाव. सरकारची टेलिमानस नावाची फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात. तुला काय झालंय ते आईला सांग. तिला वाटतं तू लग्न टाळण्यासाठी आजारी पडतेस, असं तू लिहिलंयस. तिला खरं कारण माहीत नाही म्हणून ती तिच्या परीने कारण शोधते.

शाळेला आठवड्याभरात कळवायचं आहे म्हणतेस. होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी घे: कंत्राट किती महिन्यांचं आहे, वसतिगृहाची रात्रपाळी किती, आणि पगार कोणाकडून होणार, शाळेकडून की मधल्या एजन्सीकडून. एजन्सीकडून असेल तर कामगार विभागाची नोंदणी बघ. कंत्राटी कामगारांच्या कार्यकर्तीला हे मी सांगायला नको, पण स्वतःच्या बाबतीत आपण विसरतो. रुजू व्हायची तारीख पुढच्या बैठकीनंतरची मागून घे.

तुझी,
ताई